मोठ्या ड्रमची काळी गवसणी

ड्रम थांबला, माझी शकू किंचाळली, आणि एक हवालदार धावत सुटला तो थेट माझ्याकडेच. मी मागे वळून बघितलं, म्हटलं माझ्यामागे कोणीतरी असेल, तर मागे नुसती भिंत! समोर मंत्र्यांची गाडी, गाडीच्या काचेतून एक पांढरी टोपी माझ्याकडे बघतेय, पलीकडच्या फुटपाथवरची माणसं टाळ्या पिटतायत, शिट्ट्या मारतायत, आणि कोणीतरी ओरडतंय, "शाब्बास वहिनी! दाखवा त्यांना, दाखवा!" मला काही म्हणजे काही कळेना, वहिनी कोण, आणि दाखवा काय. मग मी वर बघितलं. एका हातात पोर होतं, आणि दुसरा हात होता वर, चांगला ताणून वर, आणि त्या हातात वाऱ्यावर फडफड फडफड करत होतं एक काळं कापड.

ह्यांची बँडची काठी हवेतच राहिली होती. पोरांच्या गालात हवा तशीच. बँड गप्प, आणि माझी शकू भोकाड पसरून बसलेली.

पण मी दादरला गेलेच कशी ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल मी मोर्चातली बाई आहे. मी कसली मोर्चातली! मी ट्रामचा रस्ता ओलांडताना डोळे मिटून घेते. लग्न होऊन मुंबईला आल्यापासून मी करी रोडहून लांबात लांब गेले ती परळच्या इस्पितळात, ती पण बाळंत व्हायला.

करी रोड

आमचे हे बँडमास्तर. गिरणीत सगळं खटलं कामाला, सासरे, दीर, पण ह्यांना लहानपणापासून वाजवायचं वेड, म्हणून ठाकूरद्वारच्या एका हायस्कुलात लागले. पोरांचा बँड आहे शाळेचा, पितळी वाद्यं, ढोल, सगळं. मोठी माणसं आली की हा बँड बोलवतात. त्याचा ह्यांना केवढा मान! घरी जेवताना पण ताटावर बोटं वाजवत असतात, आणि शकूला झोपवायचं ते "धम धम धम, धम" असं पाठीवर थापटून. त्यामुळे पोरीला ओवी नको, पाळणा नको, ढोल पाहिजे. ढोल चालू तोवर झोप, ढोल बंद की डोळे उघडलेच.

तर झालं काय, की मोठ्या ड्रमची गवसणी, म्हणजे आमच्याकडे खोळ म्हणतात ती, शाळेत उंदरांनी खाल्ली. मंत्री यायचे होते रविवारी. हे ड्रमच घेऊन घरी आले आणि म्हणाले, "नवी शिवून दे गो, मापाची." मी लालबागच्या दुकानात गेले. खाकी मागितलं, नव्हतं. शेठ म्हणाला, "बाई, काळं घेऊन जा, काळं ढिगाने आणलंय. सगळ्या चाळी काळंच नेतायत." आणि डोळा मिचकावला. मला वाटलं काळं नाही मळत, म्हणून नेत असतील. खरंच असं वाटलं मला. हसू नका. मी चौथीपर्यंत शिकलेली, ती पण गावात, आणि पोर नऊ महिन्यांचं झालं तरी माझी झोप पुरी व्हायची होती.

मी काळं आणलं. ड्रम जमिनीवर आडवा घातला, त्याच्याभोवती कापड फिरवलं, आणि तोंडाला नाडी ओवली, परकराला ओवतो तशी. अशी चपखल बसली की हे बघतच राहिले. मग म्हणाले, "गो, काळी?"

"मळत नाय," मी म्हटलं.

 ह्यांनी डोकं खाजवलं.

वरच्या मजल्यावर भागीरथीकाकी राहते. तिचा मुलगा गिरणीत होता, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात फाउंटनला गेला आणि परत आला नाही. गोळी लागली. तेव्हापासून काकी जिन्यात बसते, येणाऱ्याजाणाऱ्याला बघते. आम्ही शनिवारी ड्रम घेऊन निघालो तर ती जिन्यात बसलेलीच.

"खंय चल्लंस गो पोरीक घेवन?"

"गिरगावाक, काकी. मग दादरला. ह्यांच्या बँडबरोबर." माझा उत्साह बघा, मला गिरगाव बघायला मिळणार होतं! शाळेचा शिपाई नेहमी गवसण्या सांभाळतो, पण ह्या खेपेला मंत्र्यांचं नाव ऐकून त्याच्या पोटात दुखायला लागलं. तर हे म्हणाले, तू चल, नुसतं उभं राहायचं आणि खोळी सांभाळायच्या, पोरं काय सगळी वाजवणारी.

काकीने ड्रमकडे बघितलं. "कोणासाठी वाजवतलो तुझो घोव?"

मी सांगितलं, मंत्र्यांसाठी.

"वाजवा, वाजवा," काकी म्हणाली. "माझ्या झिलासाठी कोण वाजवक इलो नाय."

झील म्हणजे मुलगा, आमच्या बोलीत. ती रागाने नाही बोलली, तेच वाईट. ह्यांनी ड्रम पुढे केला आणि जिना उतरले. मी मागून. पायऱ्या संपेपर्यंत काकीची नजर मला पाठीत लागत होती.

ठाकूरद्वार

ट्रामवाला ड्रम घेईना. म्हणे हा माणूस आहे का सामान? हे म्हणाले, "हा आमच्या शाळेतला सगळ्यात जुना मास्तर आहे." कंडक्टर हसला आणि ड्रमला पुढे ड्रायव्हरजवळ उभा केला. ड्रायव्हर पायाने घंटा वाजवायचा, ठण ठण, आणि ड्रम आतून आपोआप घुमायचा. शकू लागलीच झोपली. आम्ही असे वाजतगाजत गेलो.

गिरगाव म्हणजे, बाई, मुंबईतच आहे पण वेगळंच गाव आहे. आमच्याकडे गिरणीचा भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जेवायचं. तिथे भोंगाच नाही! मग तिथल्या माणसांना कळतं कसं केव्हा काय करायचं? वाडीत शिरलो तर दारादारात रांगोळ्या, आणि एका गॅलरीतून पेटी वाजतेय आणि कोणीतरी मुलगी सा रे ग म करतेय. मला वाटलं सण आहे. हे म्हणाले, रोजच असतं. आमच्या चाळीत सकाळी सुक्या बांगड्याचा वास आला की समजायचं घरात बरं चाललंय. तिथे तुपाचा वास.

शाळेच्या मागच्या वाडीत बँडमधल्या एका पोराची आई राहत होती, त्या बाईंनी मला घरात बोलावलं. पोहे दिले, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. मी म्हटलं, मस्त झालेत. त्या म्हणाल्या, "तुम्ही कुठल्या?" मी म्हटलं, "करी रोडची." त्या म्हणाल्या, "अगंबाई, तिकडे मोर्चे फार ना?" मी म्हटलं, "मला काय माहीत, मी घरात असते." मग त्या हळूच जवळ आल्या आणि म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी पण काळी फीत लावली होती ऑफिसात." आणि लगेच दार लावून घेतलं. म्हणजे बघा, माणसं तीच, फक्त दार लावून बोलतात. आमच्याकडे दार लावायला जागाच नसते.

मग ह्यांनी मला शाळेचा हॉल दाखवला. भिंतीवर बँडचे फोटो, ओळीने. हे एकेका फोटोसमोर उभे राहून सांगायला लागले आणि मी कडेवरची शकू इकडून तिकडे करत ऐकत होते.

पहिल्या फोटोत पोरांच्या डोक्याला फेटे, समोर लाटसाहेब, मडम, छत्री. दुसऱ्यात तीच वाद्यं, पण समोर तुरुंगातून सुटून आलेले पुढारी, गळ्यात हार. तिसऱ्यात टोप्या, झेंडावंदन. मग मंत्री, आणखी मंत्री, परदेशचे कोणी पाहुणे, त्यांच्या डोक्यावर टोपी कसली होती ते मला समजलंच नाही.

"लाटसाहेबाला काय वाजवलं?" मी विचारलं.

"उद्या वाजवायची, हीच चाल."

"आणि पुढाऱ्यांना?"

"हीच. तीन चाली येतात पोरांना. त्यातली ही सलामीची." आणि हे हसले. "एकदा तर रिकाम्या गाडीला सलामी दिली. साहेब मागच्या गाडीत, पुढच्या गाडीत नुसता ड्रायव्हर. ड्रायव्हरने पण दिली सलामी परत. नियमच आहे, गाडी थांबेपर्यंत वाजवायचं, आत कोण ते बघायचं नाही. लाटसाहेबापासून आजपर्यंत हा बँड मधे थांबलेला नाही."

ड्रमच्या अंगावर रंगाचे थर होते. हे नखाने दाखवत होते. सगळ्यात खाली मुकुट, खरवडलेला. त्याच्यावर चरखा, तो अर्धा पुसलेला. त्याच्यावर शाळेची समई. मला हसू आलं, म्हटलं आमच्या चाळीच्या भिंतीचं पण असंच आहे, प्रत्येक भाडेकरू आपला रंग लावून जातो.

पण त्या फोटोंत मला एक गोष्ट दिसली. प्रत्येक फोटोत मोठा माणूस दिसतो, पोरं दिसतात. बँडमास्तर तेवढा दिसत नाही, नुसती त्याची पाठ. कारण तो पोरांकडे तोंड करून उभा असतो, मोठ्या माणसाकडे पाठ. शेवटच्या दोन फोटोंतली पाठ ह्यांची होती. ती मी लगेच ओळखली. उजवा खांदा जरा खाली.

"मग गाडी आली ते तुम्हाला कसं कळतं? पाठ करून?"

ह्यांनी मला मोठा कर्णा दाखवला, बँडमधला एक जाडा पोरगा अंगाभोवती गुंडाळून घेतो तो. त्याचं पितळेचं तोंड घासून घासून आरशासारखं केलेलं. "हे बघ. ह्यात सगळं दिसतं माझ्या मागचं. गाडी, पोलीस, माणसं. बँडमास्तराचे डोळे पाठीला असतात, आणि ते ह्या कर्ण्यात असतात."

मी वाकून बघितलं. माझंच तोंड, भोपळ्याएवढं, आणि कडेवर शकूचं लिंबाएवढं. शकूला ते फार आवडलं. हात मारून मारून तिने कर्णा ओला केला. तेवढ्यात हेडमास्तर आले. उंच, पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट.

"मास्तर, ह्या कोण?"

"आमची मंडळी, सर. गवसण्या सांभाळायला."

हेडमास्तर माझ्याकडे नाही, माझ्या पायांकडे बघून बोलले, मोठी माणसं बायकांशी बोलतात तसे. "ठीक. बाई, उद्या नुसतं शांत उभं राहा. बँडला पक्ष नसतो, एवढं लक्षात ठेवा."

मी मान डोलावली. मला पक्ष कुठला असणार? मला नवरा होता, पोर होतं, आणि गवसणी होती.

लॉरीतून

रात्र आम्ही शाळेतच काढली, आणि रविवारी सकाळी शाळेने लॉरी आणली. बाकड्यांवर पोरं, मधे ड्रम, ड्रमला टेकून मी, मांडीवर शकू आणि काढून ठेवलेली गवसणी. पोरांनी मला पुढची जागा दिली, "वहिनी, इथे बसा, इथे हादरे कमी." शाळेची पोरं गोड असतात, कोणाची का असेनात.

लॉरी लालबागवरून दादरला जाणार होती. मी खूश, म्हटलं आपली चाळ लॉरीतून बघू. आणि जसं लालबाग आलं तसा पोरांचा आवाज बंद झाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूला माणसं उभी, बायका, गिरणीवाले, कडेवर पोरं, आणि प्रत्येकाच्या हातात काळं. रुमाल, छत्रीचं कापड, लुगड्याची पट्टी काठीला बांधलेली. तेव्हा मला समजलं!  शेठने डोळा का मिचकावला, हे डोकं का खाजवत होते, सगळं त्या लॉरीत एकदम समजलं. आणि माझ्या मांडीवर बसलं होतं त्या सगळ्यांपेक्षा मोठं काळं कापड!

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" असा आवाज उठला की लॉरीची फळकुटं हादरली.

कोणीतरी ओरडलं, "ए मास्तर! कोणाच्या लग्नाला चालला बँड?"

"मंत्र्यांचं नाव घेऊन बघ, लाज वाटते का त्याला!" दुसरा.

हे पुढे उभे होते. ह्यांनी मान वळवली नाही. लहानपणापासून ह्या रस्त्यावर खेळलेला माणूस. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या, मला मागून दिसत होत्या.

मी गवसणी घडी करून शकूच्या खाली दडपली. आणि मान वर केली तर फुटपाथवर भागीरथीकाकी. तिने हात केला नाही. तिच्याजवळ एक काळी पट्टी होती, आणि ती पट्टी तिने छातीशी धरली होती, आपण मूल धरतो तशी.

मग लॉरी पुढे गेली. शकूने गवसणी ओली केली. चालायचंच.

दादर

दादरला एका नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. इमारतीसमोर मांडव, कमान, आंब्याची पानं. बँड रस्त्याकडेला उभा केला, आणि मी त्याच्या पुढे, थोडी एका बाजूला, भिंतीला लागून असलेल्या ओट्यावर, गवसण्या घेऊन. पलीकडच्या फुटपाथवर पोलिसांनी दोरी बांधली होती आणि दोरीपलीकडे माणसं, आणि त्यात हळूहळू लालबागची पण येऊन मिसळली. चालत आली होती.

ऊन असं की डांबर चिकटत होतं. छत्री मी आणली नव्हती. ओली गवसणी वाळवायची होती, आणि पोरीच्या डोळ्यांवर ऊन येत होतं. तर मी काय केलं, गवसणी उलगडली, एक टोक मागच्या भिंतीतल्या खिळ्याला अडकवलं, दुसरं हातात धरून वर केलं. झाला मांडव! कडेवरची शकू खाली सावलीत, डोळे मिटायला लागलेले. तेवढ्यात मोटारी आल्या. ड्रम सुरू झाला, धम धम धम, धम. शकू झोपली. मी एवढी निवांत झाले की विसरलेच मी काय धरलंय. आणि एक वाऱ्याची झुळूक आली, खिळ्यातून टोक सुटलं, आणि माझ्या हातात ते कापड फडफडत वर उभं राहिलं.

ह्यांनी कर्ण्यात बघितलं. तर त्या पितळेत, मंत्र्यांच्या गाडीवर, भलं मोठं काळं निशाण! ह्यांना वाटलं मोर्चा दोरी तोडून आत आला. ठोका चुकला. काठी थांबली म्हणून ड्रमवाला थांबला, ड्रम थांबला म्हणून सगळे थांबले, आणि सगळे थांबले म्हणून शकू उठली. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

हवालदार येऊन माझ्यासमोर दम खात उभा. "ए बाई! झेंडा खाली कर!"

"झेंडा नाही हो, गवसणी! ढोलाची गवसणी!"

"ढोलाला कपडे घालतात?"

"घालतात! बघा! बघा तुम्ही!" आणि मी काय केलं असेल? पोर त्याच्या हातात दिलं! खरंच, हवालदाराच्या हातात शकू दिली, आणि धावत जाऊन ड्रमवर गवसणी चढवली आणि नाडी ओढली. टिच्चून बसली. मापाची होती ना.

हवालदार शकूकडे बघतोय, शकू त्याच्या टोपीकडे बघतेय. बँडची पोरं आधी खिदळली, मग दोरीपलीकडची माणसं. "अरे, झेंडा नाय रे, ढोलाचं झबलं आहे!" हवालदार पण हसला. मला पोर परत देताना हळूच म्हणाला, "माझी पण एवढीच आहे. सांभाळून राहा, बाई."

हसले नाहीत ते एक हेडमास्तर. मंत्र्यांना मांडवात सोडून ते परत आले. आवाज चढवला नाही, तो आणखी खाली आला.

"मास्तर, लाटसाहेबापासून आजपर्यंत हा बँड थांबला नव्हता. आज थांबला. मंत्री बाहेर जाताना पुन्हा सलामी आहे. त्या वेळी एक जरी काळी चिंधी दिसली, तर उद्यापासून तुमची काठी माझ्या टेबलावर ठेवायची आणि घरी जायचं. समजलं?"

"समजलं, सर."

 काठी टेबलावर म्हणजे नोकरी गेली. ह्यांची ती काठी गेली तर ह्यांना काय राहिलं? गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहायचं, जिथे आवाजात आपला आवाज पण ऐकू येत नाही. हा माणूस तिथे मरून जाईल, मला माहीत होतं.

मांडवामागे आम्हाला शिरा आणि भजी दिली, पानावर. शिरा चांगला होता, केळं घातलेला, पण मी नुसता बोटाने चिवडत होते. हे माझ्या शेजारी येऊन बसले. मी म्हटलं, "अहो, चुकलं माझं."

"थांबलो मी," हे म्हणाले. "तू नाय थांबलीस. खा."

आणि आपलं भजं पण माझ्या पानावर ठेवलं.

मग मी ड्रमवरची गवसणी काढून तिची घडी केली, छोटी, जितकी होईल तितकी छोटी, आणि पिशवीत तळाला ठेवली. पिशवी पायाखाली. तशी मी ओट्यावर जाऊन उभी राहिले, शकूला पदराने अंगाशी बांधून.

दोरीपलीकडे आता शांतता होती. पोलिसांनी सगळ्यांची काळी निशाणं काढून घेतली होती, एका गाडीत ढीग पडला होता. आणि त्या सगळ्यांच्या पुढे, दोरीला पोट लावून, भागीरथीकाकी. करी रोडवरून चालत आलेली म्हातारी. तिची पट्टी पण काढून घेतलेली. पण तिने हात खाली केला नव्हता. हात वर, मूठ आवळलेली, आणि मुठीत काही नाही.

ती माझ्याकडे बघत होती. मी दुसरीकडे बघितलं. मग परत बघितलं, तर ती बघतच होती.

मंत्री बाहेर आले. गाडीचं दार उघडलं. ह्यांनी काठी उचलली, पाठ त्यांच्याकडे आणि माझ्याकडे, उजवा खांदा जरा खाली. धम. धम. धम, धम. सलामीची चाल सुरू झाली, लाटसाहेबाची, पुढाऱ्यांची, रिकाम्या गाडीची. गाडी हलली.

मी वाकले. पिशवीत हात घातला.

घडी उलगडायला वेळ लागला, मीच एवढी छोटी केली होती. मग मी ती शकूच्या डोक्यावर धरली. दोन्ही टोकं, दोन्ही हातांनी, उंच. शकू पदरात बांधलेली.

हवालदाराला ती ढोलाची गवसणी माहीत होती, तो जागचा हलला नाही. गाडी माझ्यासमोरून गेली. मी गाडीकडे बघितलंच नाही, मी ह्यांच्या पाठीकडे बघत होते. मानेची एक शीर उडाली. कर्ण्यात दिसलं ह्यांना, नक्की दिसलं, कारण कर्णेवाला जाडा पोरगा माझ्याकडे बघत होता आणि त्याचे डोळे पितळेएवढे झाले होते. मला वाटलं आता थांबणार. आता काठी थांबणार.

काठी वर गेली. जास्त वर. आणि ड्रम असा वाजला, असा, की आंब्याची पानं हलली. शकूने झोपेत हुंदका दिला आणि गाढ झोपली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी हे वाजवतच होते. रस्ता रिकामा, आणि बँड वाजतोय, जोरजोरात, आणि समोर काकी. काकीची मूठ उघडली होती. हात तसाच वर, पण उघडा.

मग हेडमास्तर आले. पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं त्यांनी. "बाई, हे काय आहे?"

"गवसणी, सर." माझा आवाज मलाच ऐकू येईना. "पोरीला ऊन लागत होतं."

ते ह्यांच्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही बघितलंत?"

"माझी पाठ होती, सर," हे म्हणाले.

कोणी हसलं नाही. तो जाडा पोरगा मान खाली घालून बाहीने कर्ण्याचं तोंड पुसत होता, पुसत होता, जसं काही त्यात काही राहिलंय ते पुसून काढायचंय. हेडमास्तरांनी त्या कर्ण्याकडे बघितलं. त्यात त्यांचंच तोंड दिसलं असणार, लांबट आणि वाकडं.  ते ह्या शाळेत जुने, त्यांना कर्णा कशासाठी घासतात ते माहीत नसेल असं कसं म्हणू?

"उद्या," ते म्हणाले, "पांढरी गवसणी पाहिजे ड्रमला." आणि निघून गेले.

परत करी रोड

काठी ह्यांच्याकडेच आहे. पांढरी गवसणी मी शिवली, दोन दिवसांत मळली, मी म्हटलंच होतं.

आमच्या चाळीत सगळे म्हणतात, मी मुद्दाम केलं, दोन्ही वेळा. जिन्यात काकी सरकून मला जागा देते. गिरगावच्या त्या बाईंनी निरोप पाठवला की अगंबाई, चुकून झालं असेल हो बिचारीच्या हातून, दोन्ही वेळा. आणि हे? रात्री शकूला थापटतात, धम धम धम, धम, जरा जास्तच जोरात.

मला कोणी विचारलंच नाही, म्हणून मी इथे सांगतेय. पहिल्यांदा वारा होता. दुसऱ्यांदा ऊन होतं, ते पण खोटं नाही. पण पदर होता माझ्याकडे, पदराने भागलं असतं. आता तुम्हीच उभ्या राहा त्या ओट्यावर. पोर कडेवर, नवऱ्याची पाठ तुमच्याकडे, त्याची काठी हवेत, पायाखाली पिशवी, आणि समोर एका म्हाताऱ्या आईची मूठ, वर, रिकामी.

सांगा. तुम्ही काय केलं असतं?